तिचं दुसरं घर

मराठी नाटकाची सुरुवात लग्नाच्या गोष्टीनं झाली. १८४३ साली सांगलीच्या दरबारात विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, आणि सांगली नाट्यपंढरी ठरली. कृष्णाकाठच्या घराघरांत पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायका मात्र सीतेची पुढची गोष्ट गात होत्या. दिवस गेलेले असताना नवऱ्यानं रानात सोडलेली सीता, तिथंच झालेलं बाळंतपण, एकटीनं वाढवलेले दोन मुलगे. रंगभूमीनं स्वयंवर निवडलं आणि बायकांनी वनवास निवडला. पुढच्या पानांतली कादंबरी जात्याच्या बाजूची आहे, म्हणून तिच्या विषयाची ओळख करून देताना या दोन निवडींपासूनच सुरुवात केली पाहिजे.

कादंबरीतलं कुटुंब कल्पित आहे. खटाव तालुक्यात माहेर असलेली एक मुलगी खानापूर तालुक्यात नांदायला येते. नवरा सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात परराज्यात जातो. आधी पैसे पाठवतो, मग कमी पाठवतो, मग तिकडे दुसरं घर करतो. इकडे उरतात ती, दोन मुलं आणि सासू. बऱ्याच वर्षांनी तिच्या आयुष्यात दुसरा माणूस येतो. कथानक एवढंच. पण या कथानकाच्या प्रत्येक वळणावर सातारा-सांगलीची जमीन, इथलं नाटक, इथल्या चळवळी आणि कोर्टकचेऱ्या उभ्या आहेत. त्या न सांगता ही गोष्ट सांगितली, तर ती एका अभागी बाईची गोष्ट होईल, आणि मला तसं होऊ द्यायचं नाही.

आधी नाटकाबद्दल, कारण आपल्या मनातली टाकलेली बाई बरीचशी रंगमंचावरूनच उतरलेली आहे. सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९१३ साली ‘विद्याहरण’ लिहिलं. कच संजीवनी विद्या घेऊन निघून जातो आणि देवयानी मागं उरते. पण नाटकाचा सगळा रोख शुक्राचार्यांच्या मद्यपानावर आहे, देवयानीचं पुढं काय झालं हा त्या नाटकाचा प्रश्न नव्हे. तो प्रश्न सेहेचाळीस वर्षांनी सांगलीतच जन्मलेल्या दुसऱ्या लेखकानं हातात घेतला. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त देवयानी राणी होते, पण कचानं नाकारल्याची जखम घेऊनच ती दुसऱ्या संसारात पाऊल टाकते, आणि तो संसार त्या जखमेनं पोखरला जातो. ‘ययाति’ला ज्ञानपीठ मिळालं, तिच्यावर भोग आणि संयमाच्या अंगानं भरपूर लिहून झालं. मला मात्र ती नेहमी दुसऱ्या लग्नाची कादंबरी वाटत आली आहे: पहिल्या माणसाचा हिशेब मिटला नसताना दुसऱ्याच्या घरी गेलेल्या बाईची.

हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली ‘शारदा’ रंगभूमीवर आणलं. म्हाताऱ्याशी ठरलेलं शारदेचं लग्न ऐन मांडवात मोडतं. आता ही मुलगी लग्नाची की बिनलग्नाची, या पेचात ती जीव द्यायला निघते. कोदंड नावाचा तरुण तिला वाचवतो, आणि शंकराचार्यांची संमती मिळाल्यावर त्या दोघांचं लग्न होतं. बालाजरठ विवाहाविरुद्धचं नाटक म्हणून आपण ‘शारदा’ शिकलो, ते योग्यच आहे. तरी शेवटाकडे नीट पाहावं. शारदेला नवं आयुष्य मिळतं ते धर्मपीठाच्या परवानगीनं. कोदंड कितीही धीट असला, तरी ती परवानगी आल्याशिवाय नाटक संपत नाही, आणि देवलांसारख्या जाणत्या नाटककाराला त्या काळात ती टाळता येणं शक्यही नव्हतं.

साताऱ्याच्या रहिमतपुरात जन्मलेल्या वसंत कानेटकरांची ‘मत्स्यगंधा’ १९६४ सालची. पराशर निघून जातो, सत्यवती नावेत उरते, आणि पुढं शंतनूचं मागणं येतं तेव्हा ती प्रेमापेक्षा हमी मागते. आपल्या पोटच्या मुलांना गादी मिळेल का, एवढंच तिला विचारायचं असतं. तिला कठोर म्हणणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते या सगळ्या नायिकांत तीच सर्वांत खरी. एकदा जिच्या पायाखालची जमीन सरकली आहे, ती बाई दुसऱ्यांदा पाऊल टाकण्याआधी जमीन चाचपून पाहणारच. मला या कादंबरीत जे सांगायचं आहे ते इथंच आहे. टाकलेल्या बाईला दुसरं प्रेम मिळत नाही ते तिच्यावर कुणी प्रेम करत नाही म्हणून नव्हे. ज्या छताखाली ती राहते ते दुसऱ्याचं असतं, म्हणून तिच्या मनालाही त्या छताच्या मालकाची परवानगी लागते. ती परवानगी बाप देतो, भाऊ देतो, भावकी देते, कोर्ट देतं. घर तिचं झालं की परवानगीचा प्रश्न उरत नाही.

आता जमिनीकडे येऊ. आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मुळात बऱ्याच अंशी एकाच साताऱ्याचे. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. कृष्णा-कोयनेच्या काठानं ऊस, हळद आणि द्राक्षं, तर पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ आणि जत हा पर्जन्यछायेचा पट्टा. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडत असताना माणदेशात एका सरीची वाट पाहावी लागे. त्यामुळे पुरुषांनी घर सोडणं ही इथली जुनी रीत. पाटण-जावळीकडचे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेले, पुढं माथाडी झाले. विटा-आटपाडीकडचे गलाईला गेले आणि देशभरच्या सराफ पेठांमधून जुने दागिने वितळवून शुद्ध सोनं काढू लागले. त्यांच्या कष्टांवर कितीतरी गावं उभी राहिली, हे विसरून चालणार नाही. गेलेल्यांतले बहुसंख्य परत आले, त्यांनी घरं बांधली, मुलं शिकवली.

काही परतले नाहीत. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपात अडीच लाख गिरणी कामगार रस्त्यावर आले, तेव्हा गावाकडे परतणाऱ्या पुरुषांबरोबर मुंबईतल्या दुसऱ्या बिऱ्हाडांच्या गोष्टीही गावात पोचल्या. गिरणीत असलेल्या नवऱ्याची बायको गावी शेत बघत असे, सासू-सासऱ्यांचं करत असे, गणपती-शिमग्याला त्याची वाट बघत असे. तो आला नाही तर ‘काम असेल’ म्हणत असे. माणूस एका दिवसात टाकून जात नाही. मनिऑर्डर चुकते, पत्र चुकतं, मग सण चुकतो. बाईला स्वतःशी ‘मला टाकलं’ हे म्हणायला वर्षं लागतात, कारण तसं म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: आता राहायचं कुठं?

पहिलं उत्तर माहेर. पण माहेरच्या सातबाऱ्यावरून तिचं नाव बहुधा आधीच गेलेलं असतं. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलार्जित मिळकतीत सहदायकाचा हक्क दिला, २००५ साली तो देशभर झाला. कायदा झाला तशी हक्कसोडपत्रंही वाढली. बहिणीनं दुय्यम निबंधकाकडे जाऊन सही करायची, भावांनी तिला साडी घ्यायची, जेवण घालायचं. सही करताना ती सुखात नांदत असते. भावाशी वाकडं घेऊन काय करायचं, उद्या अडीनडीला तोच येणार. अडीनडी येते तेव्हा ती त्याच भावाच्या घरात परकी म्हणून शिरते. वहिनी वाईट असते असं नाही. दोन खोल्यांत दोन संसार मावत नाहीत, एवढंच. या कादंबरीत मी भावाला खलनायक केलेलं नाही. त्याला बहिणीची दया येते, आणि दयेनं दिलेली खोली दयेनंच परत मागता येते.

दुसऱ्या लग्नाबद्दल एक समज फार पसरलेला आहे: पूर्वी बाईला दुसरं लग्न नव्हतंच, सुधारकांनी ते आणलं. ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या घरांपुरतं हे खरं. कुणबी, धनगर, माळी, रामोशी, महार, मांग अशा कितीतरी समाजांत पाट लावण्याची रीत होती. कुठं तिला मोहतूर म्हणत, कुठं गांधर्व. नवऱ्याकडून काडीमोड किंवा जातपंचायतीकडून मोकळीक मिळाली की बाई दुसरं घर करू शके. पण या मोकळेपणाचं गुणगान करताना त्याची किंमत झाकू नये. पाट रात्रीच्या अंधारात लागे, वाजंत्री नसे, सवाष्णी तिथं थांबत नसत. पहिल्या घरची मुलं बहुधा पहिल्याच घरी ठेवून जावं लागे. पुढं जसजशी घरं ‘वरची’ होऊ लागली, तसतसा पाट बंद झाला. बायकांनी दुसरं लग्न न करणं हे कुळाच्या मोठेपणाचं लक्षण ठरलं, आणि शेतात राबणाऱ्या, पोराबाळांच्या बायकांवर वाड्यातल्या बायकांची बंधनं आली.

कोर्टानंही यात हात घातला. १८७६ साली शंभू रघू नावाच्या माणसाच्या खटल्यात मुंबई हायकोर्टानं ठरवलं की नवरा जिवंत असलेल्या बाईला दुसऱ्या लग्नाची मोकळीक देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. पंचायतीच्या मनमानीला हा आळा होता, पण त्याबरोबर टाकलेल्या बाईचं एक दारही बंद झालं. पुरुषाला तेव्हा कितीही लग्नं करता येत होती. त्याच्यावरची बंदी आली १९४६ च्या मुंबई प्रांताच्या कायद्यानं. त्या कायद्याला आव्हान मिळालं आणि १९५१ साली नरसू अप्पा माळी खटल्यात मुंबई हायकोर्टानं तो वैध ठरवला. निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक, प्र. बा. गजेंद्रगडकर, साताऱ्याचे.

मग सर्वोच्च न्यायालयाचा १९६५ चा भाऊराव लोखंडे निकाल आला. पहिली बायको असताना लोखंड्यांनी गांधर्व पद्धतीनं दुसरं लग्न केलं होतं. न्यायालय म्हणालं, आवश्यक ते विधी झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, म्हणून हे कायद्याच्या लेखी लग्नच नव्हे, आणि लग्न नाही तर द्विभार्येचा गुन्हाही नाही. शिक्षा रद्द झाली. ज्या रीतीनं एके काळी बाईला दुसरं घर मिळत होतं, त्याच रीतीच्या आडून पुरुष सुटला. दुसऱ्या बाईच्या हातीही काही लागलं नाही, कारण ती कुणाची बायकोच ठरली नाही. आजही नवऱ्यानं दुसरी केली म्हणून तक्रार करायला गेलेल्या बाईला पहिला प्रश्न हाच येतो: सप्तपदी झाली का, फोटो आहे का, भटजी कोण होता? शेकडो मैलांवर, देवळात गुपचूप घातलेल्या हाराचा पुरावा ती कुठून आणणार?

या सगळ्या अंधारात सातारा-सांगलीनं काही वेगळंही करून दाखवलं आहे, आणि त्याबद्दल लिहिताना मला अभिमान वाटतो. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली इथं प्रतिसरकार चाललं. त्याच्या गावोगावच्या न्यायदान मंडळांनी जमिनीचे आणि सावकारीचे तंटे सोडवले, तसे घरातलेही सोडवले. कमी खर्चाची, हुंड्याशिवायची गांधी-लग्नं लावली. त्या चळवळीत कोवळ्या वयात घर सोडून आलेल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर. त्यांचे पती बाबुजी पाटणकर यांचा १९५२ साली खून झाला. पदरात लहानगा भारत होता. इंदुताईंनी नोकरी करून मुलाला वाढवलं आणि समाजकारण सोडलं नाही. पुढं १९८० च्या दशकात त्या, भारत पाटणकर आणि गेल ऑम्वेट यांच्या भोवती स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, आणि तिनं परित्यक्तांचा, म्हणजे टाकलेल्या बायकांचा, प्रश्न हातात घेतला.

या चळवळीनं काय मागितलं ते पाहावं. स्वतंत्र शिधापत्रिका. गावठाणात घरासाठी जागा. पोटगी. कसायला जमीन. सहानुभूतीची भाषा नव्हती, भिंतीची आणि दाण्यांची होती. नवऱ्याच्या कार्डावर नाव असलेल्या बाईला तिच्या वाटच्या धान्यासाठीही त्याच्याच दारात जावं लागे, म्हणून कार्ड आधी. वाळवा तालुक्यातल्या बहे गावात परित्यक्तांनी झगडून जागा मिळवली. याच सुमारास, १९८८ साली, संगमनेरला समता आंदोलनाच्या पुढाकारानं परित्यक्तांची परिषद भरली. त्या कामात उभं आयुष्य घालवलेल्या ॲड. निशा शिवूरकर यांचं ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ हे पुस्तक या विषयाकडे वळणाऱ्यानं वाचलंच पाहिजे. साताऱ्यात दलित महिला विकास मंडळाच्या ॲड. वर्षा देशपांडे कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिल्या. म्हसवडला चेतना सिन्हा आणि माणदेशी बायकांनी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा निरक्षर बायकांची बँक कशी चालेल म्हणून परवाना आधी नाकारला गेला. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बाईच्या एकटीच्या नावाचं पासबुक ही दुष्काळी तालुक्यात लहान गोष्ट नाही.

आज सरकारी अर्जांतही परित्यक्ता आहे. संजय गांधी निराधार योजनेत आहे, २०२४ च्या लाडकी बहीण योजनेतही विधवा आणि घटस्फोटितेच्या शेजारी तिचं नाव आहे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या विभक्त स्त्रियांची संख्या घटस्फोटितांच्या दुपटीहून जास्त निघाली. म्हणजे टाकलेल्या बायकांपैकी बहुतेकींच्या हातात मोकळं झाल्याचा कागदच नसतो. ना नांदणं, ना सुटका.

आणि कागद नसताना प्रेम झालं तर? कादंबरीतला सर्वांत कठीण भाग याभोवती आहे, म्हणून कायदा नीट सांगतो. पोटगीचं जुनं कलम १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. त्यातली महिना पाचशे रुपयांची मर्यादा २००१ साली उठली. अर्ज केल्या तारखेपासून पोटगी द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सांगितलं. ही वाटचाल चांगलीच आहे. पण त्याच कलमात एक पोटकलम आहे: बायको व्यभिचारात राहत असेल तर तिला पोटगी नाही. नवऱ्यानं दुसरं घर केलं असेल तर तिला वेगळं राहून पोटगी मागता येते, त्यापलीकडे त्याचं फारसं काही बिघडत नाही. तिनं दुसऱ्या माणसाबरोबर राहायचं ठरवलं तर तिच्या मुलांच्या आईची भाकरी जाते. घटस्फोट घ्यावा, तर दोन वर्षांच्या त्यागावरून थेट घटस्फोट मागण्याची सोय हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून आहे. पण नवरा सापडत नसेल तर प्रकरण लांबत जातं. सापडला की तो बहुधा उलट अर्ज करतो: मी नांदवायला तयार आहे, हीच येत नाही. हे सगळं चालू असताना बाईचं वय पुढं सरकतं, आणि तिच्यासाठी थांबलेला माणूसही म्हातारा होतो.

म्हणून या कादंबरीतला दुसरा माणूस वाचवायला आलेला नाही. तो एस.टी.च्या कार्यशाळेत काम करणारा विधुर आहे, त्याला एक मुलगी आहे. त्याला तिच्याशी लग्न करायचं आहे, पण तिला त्याच्या घरी जायचं नाही. तिचं म्हणणं एवढंच की या वेळी कुणी कुणाच्या घरी नांदायला जायचं नाही. तो येऊ शकतो. मोठा मुलगा बोलणं टाकतो, धाकटीला तो माणूस आवडतो, गावात कुजबुज होते. हे मी सजवलेलं नाही. ज्या मुलांनी बाप गमावला आहे, त्यांना आई वाटून घेणं अवघड जातं, आणि त्यांच्या रागालाही कादंबरीत पुरेशी जागा मिळायला हवी होती.

राहिली सासू. आपल्या मालिकांनी सासूला एकच काम दिलं आहे. पण पुरुष निघून गेलेल्या घरांत सासू आणि सून वर्षानुवर्षं एकत्र राहतात, एकत्र रोजगार हमीवर जातात, एकमेकींच्या दुखण्याखुपण्याला उठतात. मुलानं टाकलं म्हटलं तर त्यानं दोघींनाही टाकलेलं असतं. या कादंबरीतली सासू स्वतःच्या नावावरचं दोन खणांचं घर सुनेच्या नावे करायचं ठरवते आणि बक्षीसपत्र करायला विट्याला जाते. तिथं तिला कळतं की महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडाला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त दोनशे रुपये. सुनेलाही दोनशेच, पण मुलगा वारला असेल तर. मुलगा जिवंत असेल, तर सुनेसाठी टक्केवारीनं शुल्क भरावं लागतं. घर नातवाच्या नावे करा, दोनशेत काम होईल, असं सगळे तिला सांगतात. सासू म्हैस विकते आणि शुल्क भरून घर सुनेच्याच नावे करते. कादंबरीचं सातवं प्रकरण या एका दिवसाचं आहे, आणि ते मी सर्वांत आधी लिहिलं.